सॉफ्टबॉलची बॅट

सॉफ्टबॉल या खेळात पिचरने खांद्याखालून फेकलेला चेंडू टोलविण्याचे साधन. मुठीकडे बारीक व टोकाकडे क्रमाक्रमाने जाड होत जाणारा हा गोल दांडा लाकडाचा, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा किंवा कार्बन व काच यांच्या तंतूंपासून बनविलेल्या संमिश्र द्रव्याचा असतो. बाह्यतः सर्व बॅटी सारख्याच दिसत असल्या, तरी लांबी, वजन, वजनाची विभागणी, मुठीची जाडी व स्थितिस्थापकता या बाबतींत त्यांच्यात पुष्कळ फरक असतो. एका फलंदाजास उत्तम ठरलेली बॅट दुसऱ्यास निरुपयोगी ठरू शकते. म्हणून बॅटीची निवड खेळाडूची शरीरयष्टी, ताकद व खेळण्याची पद्धत यांच्या अनुरोधाने करावी लागते.

इतिहास : सॉफ्टबॉलचा उगम १८८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथील फॅरागट बोट क्लबमध्ये झाला. क्लबच्या सभागृहात जमलेल्या तरुणांनी मुष्टियुद्धाचा एक हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला आणि केरसुणीचा दांडा बॅट म्हणून वापरला. जॉर्ज हॅनकॉक यांनी या गमतीला नियम घालून दिले व बेसबॉलची ही बंदिस्त जागेतील आवृत्ती लवकरच मोकळ्या मैदानावर आली. १९२६ मध्ये वॉल्टर हॅकनसन यांनी सुचविलेले ‘सॉफ्टबॉल’ हे नाव पुढे रूढ झाले. अमेरिकेत १९३३ मध्ये ॲमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन ही संस्था आणि १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय सॉफ्टबॉल महासंघ स्थापन झाला. हा महासंघ २०१३ मध्ये बेसबॉलच्या महासंघाशी एकत्र येऊन जागतिक बेसबॉल–सॉफ्टबॉल महासंघ अस्तित्वात आला. महिलांच्या सॉफ्टबॉलचा ऑलिंपिक सामन्यांत प्रथम समावेश १९९६ मध्ये अटलांटा येथे झाला.

आरंभीच्या बॅटी लाकडाच्या, विशेषतः ॲश व हिकरी या वृक्षांच्या लाकडाच्या असत. धातूच्या बॅटीचे एक एकस्व अमेरिकेत १९२४ मध्येच घेण्यात आले होते. परंतु ॲल्युमिनियमची बॅट प्रत्यक्ष मैदानावर आली ती १९७० च्या सुमारास. ती तुटत नाही, या एका गुणामुळे शाळा व हौशी संघ यांनी तिचा प्रथम स्वीकार केला. चेंडू तिच्यावरून अधिक वेगाने जातो, हे नंतर ध्यानात आले. १९९० नंतरच्या दशकात टायटॅनियमच्या बॅटी आल्या व चेंडू फार वेगाने जाऊ लागल्याने लवकरच त्यांच्यावर बंदी आली. त्याच दशकात दुहेरी भिंतीच्या बॅटी आणि पुढे संमिश्र द्रव्याच्या बॅटी प्रचारात आल्या.

बॅटीचे भाग व नियमांतील मर्यादा : बॅटीच्या मुठीकडील टोकास जो उंचवटा असतो त्यास नॉब म्हणतात. त्याच्यामुळे बॅट हातातून निसटत नाही. त्यापुढे मूठ, मग क्रमाने रुंदावत जाणारा मधला भाग आणि शेवटी ज्यावर चेंडू बसावा अशी अपेक्षा असते तो जाड भाग म्हणजे बॅरल, अशी बॅटीची रचना असते. धातूच्या व संमिश्र द्रव्याच्या बॅटी आतून पोकळ असून त्यांच्या टोकास टोपण बसविलेले असते.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बॅटीची लांबी ३४ इंचांहून (८६.४ सेंमी.), सर्वाधिक जाड भागाचा व्यास २.२५ इंचांहून (५.७ सेंमी.) आणि वजन ३८ औंसांहून (१,०७७ ग्रॅ.) अधिक असता कामा नये. मुठीवरील पकड किमान १० इंच (२५.४ सेंमी.) लांब असावी व ती नॉबकडील टोकापासून १५ इंचांच्या (३८.१ सेंमी.) पलीकडे जाऊ नये. बेसबॉलच्या बॅटीपेक्षा ही बॅट बारीक व आखूड असते. क्रिकेटच्या बॅटीशी तुलना केल्यास फरक आणखी स्पष्ट होतो. क्रिकेटची बॅट १०.८ सेंमी.पर्यंत रुंद, समोरून सपाट आणि बहुधा १ किग्रॅ.हून अधिक वजनाची असते. सॉफ्टबॉलची बॅट गोल असल्यामुळे चेंडू व बॅट यांच्या मध्यरेषा थोड्याशा जरी वरखाली झाल्या, तरी चेंडू उंच उडतो किंवा जमिनीकडे वळतो. क्रिकेटमधील फलंदाज नको तो चेंडू सोडून देऊ शकतो. सॉफ्टबॉलमध्ये मात्र तीन स्ट्राइक झाल्यावर फलंदाज बाद होत असल्याने चेंडूपर्यंत बॅट वेळेवर पोहोचणे यालाच सर्वांत अधिक महत्त्व येते.

उपलब्ध वेळ : फास्टपिच या प्रकारात महिलांच्या सामन्यात पिचरची पट्टी होम प्लेटपासून ४३ फुटांवर (१३.११ मी.) व पुरुषांच्या सामन्यात ४६ फुटांवर (१४.०२ मी.) असते. चेंडू सोडतेवेळी पिचर एक पाऊल पुढे आलेला असतो. ताशी ९५ किमी. वेगाने आलेला चेंडू उरलेले सु. ११.५ मी. अंतर ०.४४ सेकंदात तोडतो. बेसबॉलमधील पिचर याहून पुष्कळ अधिक वेगाने, पण अधिक दुरून चेंडू फेकतो. त्यामुळे दोन्ही खेळांतील फलंदाजांना मिळणारा वेळ जवळजवळ सारखाच असतो. या ०.४४ सेकंदांपैकी बॅट फिरविण्यातच सु. ०.१५ ते ०.२ सेकंद जातात. चेंडूची दिशा, उंची व वळण ओळखण्यास फार तर पाव सेकंद मिळतो. बॅट चेंडूपर्यंत पोहोचण्यास सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतका (०.००५ सेकंद) उशीर झाला, तर तेवढ्या अवधीत चेंडू सु. १३ सेंमी. पुढे सरकलेला असतो आणि बॅटीचा कोनही आठ-दहा अंशांनी बदलतो. समोर जाणारा टोला केवळ एवढ्या फरकाने कडेला जातो किंवा हुकतो.

स्लोपिच या प्रकारात चेंडू कमानदार मार्गाने व सावकाश येतो आणि पिचरचे अंतर ५० फूट (१५.२४ मी.) असते. तेथे वेळेची चणचण नसते. चेंडू दूरवर नेण्यासाठी लागणारा सर्व जोर फलंदाजाला स्वतःच पुरवावा लागतो. यामुळे या दोन प्रकारांसाठी लागणाऱ्या बॅटी भिन्न असतात व एका प्रकारासाठी बनविलेली बॅट दुसऱ्यात वापरणे इष्ट नसते.

वजन व त्याची विभागणी : बॅटीची लांबी इंचांत व वजन औंसांत मोजून त्या दोन आकड्यांमधील जे अंतर येते, त्यास व्यवहारात ‘ड्रॉप’ म्हणतात. ३३ इंच (८३.८ सेंमी.) लांब व २३ औंस (६५२ ग्रॅ.) वजनाच्या बॅटीचा ड्रॉप उणे १० होय. हा आकडा जितका मोठा, तितकी बॅट आपल्या लांबीच्या मानाने हलकी. फास्टपिचच्या बॅटींत तो साधारणतः उणे ८ ते उणे १३ यांदरम्यान असतो. लहान वयाच्या मुलामुलींना उणे ११ ते उणे १३, तर प्रौढ व बलवान खेळाडूंना उणे ८ ते उणे १० हा ड्रॉप बहुधा सोयीचा पडतो. स्लोपिचच्या बॅटी सामान्यतः ३४ इंच लांब व २६ ते ३० औंस (७३७ ते ८५० ग्रॅ.) वजनाच्या असतात.

तथापि केवळ वजनावरून बॅटीचा खरा जडपणा कळत नाही. समान लांबीच्या व समान वजनाच्या दोन बॅटींपैकी एक हातात हलकी व दुसरी जड वाटते, हा अनुभव प्रत्येक खेळाडूस येतो. याचे कारण वजनाच्या विभागणीत आहे. फिरणाऱ्या वस्तूचा आपल्या गतीतील बदलास होणारा विरोध तिच्या निरूढी परिबलावर अवलंबून असतो व हे परिबल काढताना प्रत्येक कणाच्या वजनास फिरण्याच्या अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणावे लागते. बॅटीसाठी हा अक्ष नॉबपासून ६ इंचांवर (१५.२ सेंमी.) मानण्याची पद्धत आहे. या हिशेबाने मुठीत १ औंस (२८ ग्रॅ.) वजन वाढविले, तर फिरविण्याच्या श्रमात जवळजवळ काहीच फरक पडत नाही; तेच १ औंस बॅरलच्या टोकाशी वाढविले, तर नेहमीच्या बॅटीचे निरूढी परिबल सु. एक-दशांशाने वाढते. २००२ मध्ये फ्लायसिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही बॅटीचा वेग तिच्या एकूण वजनापेक्षा निरूढी परिबलावर अधिक अवलंबून असल्याचे आढळले.

ज्या बॅटीचे वजन मुठीच्या बाजूस अधिक सामावलेले असते ती समतोल बॅट आणि ज्या बॅटीच्या टोकाशी हेतुतः वजन घातलेले असते ती टोकजड बॅट होय. दोहोंमधील फरक ओळखण्याची साधी रीत अशी : बॅट आडवी धरून एका बोटावर तोलावी. तोलबिंदू नॉबच्या जितका जवळ, तितकी बॅट फिरविण्यास सोपी. जितका बॅरलच्या टोकाकडे, तितकी ती टोकजड. एकाच वजनाच्या दोन बॅटींची अशा रीतीने दुकानातही तुलना करता येते.

टोल्याचा वेग कशाने वाढतो : चेंडू व बॅट यांच्या आघाताच्या मोजमापांवरून असे दिसते, की टोलविलेल्या चेंडूच्या वेगात येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा वाटा अल्प व बॅटीच्या वेगाचा वाटा मोठा असतो. आघाताची कार्यक्षमता ०.२ मानल्यास, बॅटीच्या वेगास १.२ ने आणि येणाऱ्या चेंडूच्या वेगास ०.२ ने गुणून येणाऱ्या संख्यांची बेरीज केली, की टोलविलेल्या चेंडूचा वेग मिळतो. उदा., चेंडू ताशी ९० किमी. व बॅट ताशी १०० किमी. वेगाने येत असल्यास टोल्याचा वेग १८ अधिक १२० म्हणजे ताशी १३८ किमी. होतो. पिचरचा वेग ताशी ५ किमी.ने वाढला, तर टोल्यात केवळ १ किमी.ची भर पडते. बॅटीचा वेग तेवढाच वाढला, तर ६ किमी.ची.

यावरून सर्वांत हलकी बॅट ती सर्वांत चांगली, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. बॅट हलकी झाली, की वर उल्लेखिलेली कार्यक्षमताही घटते. शिवाय निरूढी परिबल एक-दशांशाने कमी केले, तरी बॅटीचा वेग सु. दोन ते तीन टक्क्यांनीच वाढतो. कारण फलंदाजाला बॅटीबरोबर आपले हातही फिरवावे लागतात व त्यांचे वजन बदलत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठातील टेरी बाहिल आणि कार्नावास यांनी १९८९ मध्ये स्नायूंचे बल व त्यांचा वेग यांच्या संबंधावरून प्रत्येक फलंदाजासाठी अनुकूल वजन निश्चित करण्याची पद्धत मांडली. हे वजन व्यक्तीगणिक वेगवेगळे असते, हे त्यांच्या मापनातून स्पष्ट झाले. अनुकूल वजनाच्या आसपास थोडे कमी-अधिक वजन घेतल्यास टोल्याच्या वेगात विशेष फरक पडत नाही. म्हणजेच बलवान खेळाडूच्या बाबतीतही जड बॅटीने होणारा लाभ थोडा असतो. उशिरा फिरल्याने होणारा तोटा मात्र मोठा असतो. फास्टपिचमध्ये शंका असेल तेव्हा हलकी किंवा अधिक समतोल बॅट घ्यावी, या प्रशिक्षकांच्या सल्ल्यामागे हेच तत्त्व आहे.

हाताला जाणवणारा हलकेपणाही नेहमी विश्वसनीय नसतो. फलंदाजीपूर्वी बॅटीवर वजनाचे कडे चढवून ती फिरविल्यास नंतर तीच बॅट हलकी वाटते. परंतु तिचा वेग त्यामुळे वाढतो असे मापनांत दिसून आलेले नाही. बॅट निवडताना ‘हलकी वाटते’ यापेक्षा ‘चेंडूपर्यंत वेळेवर पोहोचते’ ही कसोटी अधिक खात्रीची होय.

बॅटीचे द्रव्य व स्थितिस्थापकता : आघाताच्या वेळी चेंडू दबतो व त्या दबण्यात आघाताची निम्म्याहून बरीच अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. लाकडी बॅट भरीव असल्याने ती जवळजवळ दबतच नाही. सर्व दबणे चेंडूच्या वाट्यास येते. पोकळ बॅटीची पातळ भिंत किंचित आत दबून पुन्हा उसळते, त्यामुळे चेंडू कमी दबतो व कमी ऊर्जा वाया जाते. ताणलेल्या जाळीवरून उसळावे तसा हा परिणाम असतो. भिंत जितकी लवचिक, तितका हा परिणाम अधिक.

ॲल्युमिनियमची बॅट पहिल्या दिवसापासून आपला पूर्ण गुण देते, फारशी काळजी घ्यावी लागत नाही आणि बिघडल्यास तिच्यावर पोचे दिसतात. संमिश्र द्रव्याच्या बॅटीत वजनाची विभागणी बारकाईने साधता येते व हाताला झिणझिण्या कमी येतात. परंतु तिच्यातील तंतू व रेझीन यांची घट्ट बांधणी सैल होण्यासाठी सरावात दीडशे ते दोनशे टोले मारावे लागतात. हे टोले बॅट दर वेळी थोडी फिरवून तिच्या सर्व बाजूंवर सारखे घ्यावेत. थंड हवेत, सु. १५° से.च्या खाली, अशी बॅट तडकण्याचा संभव असतो. लाकडी बॅट आज सामन्यांत क्वचित दिसत असली, तरी सरावास ती उपयुक्त आहे. कारण चेंडू योग्य जागी बसला नाही, तर ती ते लगेच दाखवून देते.

बॅट एकाच नळीची असते किंवा मूठ व बॅरल हे दोन भाग जोडून केलेली असते. जोड असलेल्या बॅटीत कंपने हातापर्यंत कमी पोहोचतात, त्यामुळे चुकलेल्या फटक्यानंतर हात दुखण्याचे प्रमाण घटते. लवचिक मुठीमुळे चाबकासारखा झटका बसून टोला दूर जातो, असा समज मात्र रूढ आहे. चेंडू व बॅट यांचा संपर्क केवळ सु. एक-सहस्रांश सेकंद टिकतो. आघाताची कंपने मुठीपर्यंत जाऊन परत बॅरलपर्यंत येण्याच्या आतच चेंडू बॅटीपासून सुटलेला असतो. त्यामुळे मुठीच्या लवचिकपणाचा टोल्याच्या वेगावर लक्षणीय परिणाम होत नाही. तो गुण हातांच्या आरामाचा आहे, असे समजूनच त्याचे मोल करावे.

बॅरलच्या टोकापासून सु. १३ ते १८ सेंमी. आत असा एक पट्टा असतो, की तेथे चेंडू बसल्यास हाताला झिणझिण्या येत नाहीत व चेंडूही सर्वाधिक वेगाने जातो. बॅट वाकून कंप पावते तेव्हा स्थिर राहणारा तिचा निस्पंद बिंदू याच पट्ट्यात येतो. ज्या बॅटीत हा पट्टा रुंद, ती बॅट नवख्या खेळाडूस अधिक क्षमाशील ठरते.

खेळण्याच्या पद्धतीनुसार निवड : फलंदाजांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गातील फलंदाज दूरवर टोले मारतो. त्याची ताकद व वेळ साधण्याची हातोटी या दोन्ही गोष्टी सिद्ध झालेल्या असतील, तर त्याने उणे ८ ते उणे १० ड्रॉपची, किंचित टोकजड बॅट घ्यावी. केवळ ताकद आहे पण वेगवान चेंडूवर फटका वारंवार उशिरा बसतो, अशा खेळाडूने टोकजड बॅट टाळावी. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे टोले सतत उजव्या बाजूस रेषेबाहेर जात असतील, तर बॅट जड होत असल्याचे ते बहुधा लक्षण असते.

दुसऱ्या वर्गातील फलंदाज चेंडू मोकळ्या जागेत खेळून पहिला तळ गाठण्यावर भर देतो. त्याला समतोल बॅट आवश्यक असते. चेंडूचे वळण दिसेपर्यंत थांबून नंतर बॅट फिरविणे, हे त्याचे मुख्य शस्त्र असते व ते समतोल बॅटीनेच साधते.

तिसऱ्या वर्गात ‘स्लॅप’ पद्धतीने खेळणारे फलंदाज मोडतात. ते डाव्या बाजूने उभे राहतात, कारण तेथून पहिला तळ जवळ पडतो, आणि चेंडू येत असतानाच पावले टाकत त्यास हलकेच दिशा देऊन धावत सुटतात. धावत असताना बॅटीचे टोक नियंत्रणात राहणे महत्त्वाचे असल्यामुळे त्यांना समतोल व मुठीत नीट बसणारी बॅट हवी. बॅट जवळजवळ स्थिर धरून चेंडू अलगद खाली पाडणे, म्हणजे बंट करणे, ज्यांच्या खेळात वारंवार येते त्यांनाही हेच लागू पडते. कारण त्या वेळी एक हात बॅरलकडे सरकवावा लागतो व टोकजड बॅट अशा वेळी खाली झुकते.

लांबी व मूठ : लांब बॅटीने प्लेटच्या बाहेरच्या कडेवरील चेंडू गाठता येतो, पण लांबीबरोबर निरूढी परिबल झपाट्याने वाढते. प्लेटची रुंदी १७ इंच (४३.२ सेंमी.) असते. फलंदाजाने आपल्या नेहमीच्या जागी उभे राहून, हात सहज पुढे नेऊन बॅटीच्या बॅरलने प्लेटची पलीकडची कड झाकता येते का, हे पाहावे. ती झाकली जात असेल, तर त्याहून लांब बॅटीची गरज नसते. नॉब छातीच्या मध्याशी टेकवून बॅट समोर धरल्यास हाताची बोटे बॅरलच्या टोकापर्यंत पोहोचावीत, ही लांबीची दुसरी ढोबळ कसोटी होय. दहा वर्षांखालील मुलांना साधारणतः २८ ते ३१ इंच (७१.१ ते ७८.७ सेंमी.), अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना ३१ ते ३३ इंच (७८.७ ते ८३.८ सेंमी.) व त्यापुढील वयाच्या खेळाडूंना ३२ ते ३४ इंच (८१.३ ते ८६.४ सेंमी.) लांबीची बॅट चालते. वाढत्या वयाच्या मुलाला ‘पुढेही उपयोगी पडेल’ म्हणून मोठी बॅट देण्याची प्रवृत्ती हानिकारक आहे. जड बॅट ओढण्यासाठी ते मूल खांदा पाडून व कंबर आधी वळवून खेळू लागते आणि लागलेली ही सवय पुढे योग्य बॅट मिळाल्यावरही सुटत नाही.

वजनाची प्राथमिक परीक्षा घेण्यासाठी बॅट एका हाताने खांद्याच्या रेषेत आडवी धरावी. अर्ध्या मिनिटाच्या आत हात थरथरू लागला किंवा बॅटीचे टोक खाली आले, तर ती जड समजावी. मुठीची जाडी पंजाच्या मानाने असावी. मूठ फार जाड असल्यास मनगटे मोकळी वळत नाहीत. फार बारीक असल्यास बॅट तळव्यात फिरते. जाडी थोडी कमी पडल्यास मुठीवर पट्टी गुंडाळून ती वाढविता येते, परंतु मुळात जाड असलेली मूठ बारीक करता येत नाही.

सुरक्षितता व मान्यता : बॅट जितकी उसळती, तितका मैदानावरील इतरांचा धोका वाढतो. त्यांत पिचर सर्वांत जवळ, फटका बसतेवेळी सु. १२ मी. अंतरावर उभा असतो. याच कारणासाठी अमेरिकेतील ॲमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशनने २००४ च्या मानकात टोलविलेल्या चेंडूच्या वेगावर प्रयोगशाळेतील कसोटीत ताशी ९८ मैल (१५७.७ किमी.) ही मर्यादा घातली. एवढ्या वेगाचा चेंडू पिचरपर्यंत पोहोचण्यास पाव सेकंदाहून फारसा अधिक वेळ लागत नाही आणि तेवढ्या वेळात हातमोजा तोंडापुढे आणणे हेही कठीण असते. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी जागतिक महासंघाच्या मान्यताप्राप्त बॅटींच्या यादीतील बॅट असावी लागते. बॅटीवरील मान्यतेचा शिक्का वाचता येण्याजोगा असणेही आवश्यक असते. संमिश्र द्रव्याची बॅट रुळांमध्ये दाबून वा आतून खरवडून तिची भिंत अधिक लवचिक करण्याचे प्रकार होतात. अशी बॅट नियमबाह्य असून ती तडकण्याचा धोकाही वाढतो. तडा गेलेली, टोपण सैल झालेली किंवा आत काही खुळखुळत असलेली बॅट तत्काळ बाजूला काढावी.

संघासाठी बॅटींचा संच : भारतात सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना १९६१ मध्ये जोधपूर येथे स्थापन झाली. महाराष्ट्रात हा खेळ मुख्यतः शालेय व आंतरविद्यापीठीय स्पर्धांच्या द्वारे पसरला आहे. अशा संघांत प्रत्येक खेळाडूची स्वतःची बॅट नसते. सर्वजण संघाच्या सामाईक संचातूनच बॅट घेतात. त्यामुळे बॅटीची निवड ही एका खेळाडूची न राहता क्रीडाशिक्षकाची जबाबदारी ठरते. संचातील सर्व बॅटी एकाच मापाच्या असल्या, तर संघातील सर्वांत उंच दोघा-तिघांना सोडून बाकीचे परक्याच्या मापाची बॅट घेऊन खेळतात. क्रिकेटमधून आलेल्या खेळाडूंना जड बॅटीची सवय असल्याने ते सॉफ्टबॉलमध्येही तशीच बॅट उचलतात, हीही एक अडचण होय.

मर्यादित खर्चात एक महागडी बॅट घेण्याऐवजी तीन वेगवेगळ्या मापांच्या साध्या ॲल्युमिनियमच्या बॅटी घेणे शालेय संघास अधिक हितावह ठरते. त्यांपैकी एक आखूड व हलकी, एक मध्यम लांबीची समतोल आणि एक लांब व किंचित जड असावी. प्रत्येक बॅटीच्या नॉबवर लांबी व वजन ठळक लिहून ठेवल्यास खेळाडूंना निवड सोपी जाते. सरावात प्रत्येक खेळाडूस तिन्ही बॅटींनी सारख्याच वेगाचे दहा-दहा चेंडू खेळावयास द्यावेत. त्यांपैकी किती चेंडू नीट बसले, किती कडेला गेले व किती हुकले याची नोंद ठेवावी. ज्या बॅटीने नीट बसलेल्या चेंडूंची संख्या सर्वांत अधिक येते, ती त्या खेळाडूची बॅट होय. खेळाडूंची उंची व ताकद वाढत असते, म्हणून ही परीक्षा दर हंगामाच्या आरंभी पुन्हा घ्यावी.

सरावानंतर बॅट कोरड्या फडक्याने पुसावी, उन्हात तापलेल्या मोटारीत किंवा ओलसर जागी ठेवू नये, तसेच तिने दगड, पाण्याने भिजलेले चेंडू वा सरावयंत्राचे टणक चेंडू टोलवू नयेत. मुठीवरील पट्टी झिजून गुळगुळीत झाल्यास बॅट हातातून निसटून जवळच्या खेळाडूस इजा होण्याचा संभव असतो. म्हणून ती वेळच्या वेळी बदलावी.